जुन्या गाडीच्या पार्टवरचे नंबर आणि डेट कोड कसे वाचायचे: नागपुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी बाबांची १९६८ ची अँबेसेडर मार्क टू आहे, अजून चालते, महालातून निघून अंबाझरीपर्यंत दर रविवारी एक चक्कर होतेच. तिच्यासाठी स्पेअर शोधता शोधता नंबर वाचायची सवय लागली आणि आता ओळखीतलेच नाही तर ओळखीच्यांच्या ओळखीतले पण फोन करून विचारून राहिले की भाऊ, पार्टवर हे असं असं लिहिलंय, घेऊ का. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एकदाचं इथे लिहून ठेवतो.

पार्टवर तीन-चार नंबर असतात, त्यातला खरा पार्ट नंबर कोणता?

सगळेच खरे असतात, फक्त प्रत्येकाचं काम वेगळं. उठावदार अक्षरं, म्हणजे हात फिरवला की बोटाला लागतात ती, कास्टिंगच्या वेळी साच्यातूनच आलेली असतात, तो कास्टिंग नंबर. ठोकलेला म्हणजे खोल गेलेला नंबर नंतर पंचने मारलेला असतो, तो पार्ट नंबर असू शकतो, सीरियल नंबर असू शकतो किंवा तारीख. कास्टिंग नंबर फक्त एवढंच सांगतो की कच्चा तुकडा कोणत्या साच्यातून निघाला, त्याच्यावर पुढे मशीनिंग काय झालं ते नाही सांगत. बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, त्यांच्या ए सिरीज इंजिनचं १२जी९४० हेड घ्या, तेच कास्टिंग साध्या १३०० च्या इंजिनवर पण आलं आणि मिनी कूपर एसवर पण आलं, आणि व्हॉल्व्हची साइझ मात्र वेगळी. म्हणजे कास्टिंग नंबर पाहून कूपरचं हेड म्हणून पैसे मोजले आणि हाती साधं आलं असं सहज होऊ शकतं. व्हॉल्व्ह मोजल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

सीरियल नंबर त्या एकाच नगाचा असतो, तो कॅटलॉगमधे शोधून काही सापडत नाही. बरेच जण तिथेच अडकतात, दोन-दोन दिवस सीरियल नंबर शोधत बसतात.

नंबर दिसतच नाही, रंग आणि गंज चढलाय. काय करू?

आधी एक विनंती, ग्राइंडर, सँडर आणि सँडब्लास्टिंग यातलं काहीही त्या जागी लावू नका. ठोकलेला नंबर फार खोल नसतो, आणि एकदा गेला की गेला. मी एक डायनॅमो रंगवायला दिला होता, सांगून दिला होता की बॉडीवरचा नंबर सांभाळा, परत आला तेव्हा बॉडी आरशासारखी चकचकीत आणि नंबरची जागा सपाट. तो डायनॅमो आजही चांगला चार्जिंग करतो, पण तो कोणत्या वर्षाचा होता ते आता कोणीच सांगू शकत नाही आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं.

आता पद्धत. रॉकेलमधे बुडवलेलं फडकं दहा-पंधरा मिनिटं त्या जागेवर ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. रंग असेल तर पेंट रिमूव्हर ब्रशने लावा, थांबा, लाकडी पट्टीने काढा, लोखंडी पट्टी नको. कोरडं झालं की पांढरा खडू आडवा धरून चोळा आणि वरून बोटाने हलकं पुसा, खोल गेलेल्या आकड्यात खडू भरून राहतो आणि आकडा उठून दिसतो. उठावदार अक्षरं असतील तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, आपण लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसंच. आणि उजेड समोरून नको, बाजूने पाहिजे. माझ्या अनुभवात अंगणात साडेपाच-सहाचं तिरपं ऊन असतं त्याच्यासारखा उजेड कोणत्याच टॉर्चचा नाही, एका डिस्ट्रिब्यूटरवर (प्लगला करंट वाटणारा भाग) दुपारी बारा वाजता मला काही दिसत नव्हतं आणि संध्याकाळी चार आकडे आणि मागचं बारीक अक्षर पण स्पष्ट वाचता आलं.

फोटो दोन-तीन कोनातून काढा. ६ आणि ९, ३ आणि ८, १ आणि आय, शून्य आणि ओ, इथे सगळ्यात जास्त चुका होतात. साच्यातल्या अक्षरांपैकी एखादं उलटं बसलेलं पण असतं, तो दोष म्हणून पार्ट परत करू नका.

लुकासच्या पार्टवर पाच आकडी नंबर आणि बाजूला दोन-चार आकडे आहेत, त्याचा अर्थ काय?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न कारण अँबेसेडर म्हणा, हेराल्ड म्हणा, मॉरिस मायनर म्हणा, सगळ्यांची वायरिंगची दुनिया लुकास या इंग्लिश कंपनीचीच. पाच आकडी जो आहे तो लुकासचा सर्व्हिस नंबर, त्याच्या मागे ए, बी, डी असं अक्षर असेल तर त्या पार्टमधे नंतर झालेला बदल. बाजूचे आकडे म्हणजे तारीख. जुन्या पद्धतीत महिना आणि वर्ष, म्हणजे ६ ६२ असेल तर जून १९६२. नंतर आठवडा आणि वर्ष आलं, म्हणजे २५६५ असेल तर १९६५ चा पंचविसावा आठवडा, म्हणजे जूनचा दुसरा पंधरवडा. पहिले आकडे बाराच्या वर असतील तर तो आठवडाच, शंका नाही. बाराच्या आत असतील तर दोन्ही अर्थ निघू शकतात, तेव्हा त्या पार्टचं मॉडेल कोणत्या काळातलं आहे ते पाहून ठरवावं लागतं, घाई नाही करायची.

मॉडेलचं नाव पण बोलतं बरं का. २५डी४ मधे डी म्हणजे डिस्ट्रिब्यूटर आणि ४ म्हणजे चार सिलिंडर, त्याच्यानंतरचा ४५डी४. (आपल्याकडे मिस्त्री लोक डिस्ट्रिब्यूटरला सरसकट डेल्को म्हणतात, डेल्को ही जनरल मोटर्सची कंपनी होती, पण दुकानात डेल्को म्हटलं की लगेच समजतं म्हणून मी पण तेच म्हणतो.) डायनॅमोवर सी३९ असेल तर बॉडीचा व्यास ३.९ इंच, सी४० असेल तर ४ इंच. सेल्फवर एम३५ असेल तर साडेतीन इंच आणि एम४१८ म्हणजे ४ पूर्णांक १/८ इंच, चारशे अठरा नाही. एवढं माहीत असलं की नंबर पूर्ण वाचता नाही आला तरी फूटपट्टी लावून पार्ट कोणत्या घराण्यातला ते समजतं.

पार्टवर लुकास-टीव्हीएस लिहिलंय, मग तो ओरिजिनल नाही का?

ओरिजिनलच आहे, भारतातला. लुकास-टीव्हीएस मद्रासला १९६१ मधे सुरू झाली, म्हणजे हे नाव असलेला पार्ट १९६१ च्या आधीचा असूच शकत नाही, नावातच तारीख मिळाली. १९५९ च्या गाडीवर तो दिसला तर नंतर बदललेला आहे एवढंच, १९६८ च्या गाडीवर दिसला तर मला तर तोच जास्त बरोबर वाटतो. इंग्लंडचा लुकास लावला म्हणजे गाडी जास्त खरी झाली असं काही जण समजतात, मला ते पटत नाही, उत्तरपाड्याला तयार झालेली गाडी भारतीय पार्टवरच शोभते.

पार्टची तारीख गाडीच्या नंतरची आहे. मला फसवलं का?

तसं लगेच नका म्हणू. पार्ट आधी बनतो, मग कारखान्यात पोचतो, मग गाडीवर चढतो, म्हणून मूळ पार्टची तारीख गाडी तयार झाल्याच्या काही आठवडे ते काही महिने आधीची असते. बाहेरून किट येऊन इथे जोडलेल्या गाड्यांमधे हे अंतर अजून वाढतं, जहाजाचा प्रवास आहे, गोदाम आहे. तारीख नंतरची असेल तर पार्ट बदललेला आहे हे पक्कं, पण पन्नास-पंचावन्न वर्षं रस्त्यावर चाललेल्या गाडीचा सेल्फ बदलला यात फसवणूक कसली? फसवणूक तेव्हा जेव्हा विकणारा सगळं कंपनीचं आहे म्हणून त्याचे वेगळे पैसे मागतो.

आणि तुलना कशाशी करताय ते पण पाहा. आरसी बुकात रजिस्ट्रेशनची तारीख वेगळी आणि तयार झाल्याचा महिना-वर्ष वेगळं, लोक रजिस्ट्रेशनची तारीख धरून बसतात. नागपूरच्या फार जुन्या गाड्यांचे कागद मध्य प्रदेश सरकारचे निघतात ते पाहून पण काही जण घाबरतात, पण १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, मग मुंबई राज्यात गेलं आणि १९६० ला महाराष्ट्र. १९५४ च्या लँडमास्टरचे कागद तसेच असणार, त्यात संशयास्पद काही नाही.

दुकानात डब्यासकट जुना पार्ट मिळाला, डब्यावर तारीख नाही. किती जुना आहे कसं ओळखायचं?

हा माझा सगळ्यात आवडता विषय. इतवारीकडे किंवा कॉटन मार्केटच्या आसपास जुनं दुकान आवरताना असे डबे निघतात आणि डबा वाचता आला तर तो पार्टइतकाच बोलतो.

किंमत आण्यात असेल तर एप्रिल १९५७ च्या आधीचा हिशेब, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. नये पैसे लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ मधला, जून १९६४ पासून नये हा शब्द गेला आणि नुसते पैसे राहिले. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचा, पिनकोड तेव्हाच सुरू झाला. बॉम्बेचं मुंबई १९९५ ला झालं, मद्रासचं चेन्नई १९९६ ला, कलकत्त्याचं कोलकाता २००१ ला. रुपयाचं नवीन चिन्ह असेल तर २०१० च्या नंतरचा, मग त्याच्यावर कितीही पिवळट रंग मारलेला असो. प्लगच्या डब्यावर मायको असेल तर बंगळूरच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचा, ती १९५१ ला सुरू झाली आणि २००८ ला तिचं नाव बॉश झालं. मेड इन वेस्ट जर्मनी असेल तर १९४९ ते १९९० च्या मधला.

मला एकदा कंडेन्सरचा एक लहान पुठ्ठ्याचा डबा मिळाला, झाकण तेलाने काळं झालेलं, आत मेणकागद, आणि तळाशी जांभळ्या शिक्क्यात किंमत नये पैशात. पिनकोड नाही, मद्रासचा पत्ता, लुकास-टीव्हीएसचं नाव. म्हणजे १९६१ च्या नंतर आणि १९६४ च्या आसपास, तीन वर्षांच्या आत आलो आणि कंडेन्सर हातात घेतलाच नव्हता अजून. अर्थात छापून ठेवलेले डबे वर्षानुवर्षं वापरायचे, त्यामुळे जुन्या गोष्टीवरून नेमकं वर्ष नाही काढता येत, नवीन गोष्टीवरून मात्र याच्या आधीचा नाही हे ठाम सांगता येतं. आणि डब्यात तोच पार्ट आहे का ते पार्टवरचा नंबर डब्याशी जुळवूनच ठरवायचं, रिकाम्या जुन्या डब्यात लोकल पार्ट भरून विकणारे आहेत.

कार्बोरेटरवरच्या नंबरचं काय? मिस्त्री म्हणतो कोणताही बसतो.

बसतो, पण चालत नाही. सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरवर ३२ लिहिलं असेल तर थ्रॉटलचं तोंड ३२ मिलिमीटर. आतल्या जेटवर १२० किंवा १२५ असतं ते मिलिमीटरचे शंभरावे भाग, म्हणजे १२५ चं छिद्र १.२५ मिलिमीटर. जुन्या जेटमधे तार घालून साफ करणारे मिस्त्री पाहिले की जीव कळवळतो माझा, छिद्र मोठं होतं, आकडा १२० चाच राहतो आणि गाडी पेट्रोल पिते म्हणून मालक रडतो. फुंकून किंवा हवेने साफ करा.

एसयू या इंग्लिश कंपनीच्या कार्बोरेटरचा हिशेब तर मराठी माणसाला पाढ्यासारखा आहे. एचएस२ म्हणजे सव्वा इंच, एचएस४ म्हणजे दीड, एचएस६ पावणेदोन आणि एचएस८ दोन इंच, म्हणजे एक इंचावर तेवढे अष्टमांश. फ्लोट चेंबरच्या झाकणाच्या स्क्रूखाली अ‍ॅल्युमिनियमची बारीक पट्टी असते, तिच्यावर एयूसी किंवा एयूडी आणि पुढे आकडे, ती पट्टी म्हणजे त्या कार्बोरेटरची ओळख, कोणत्या इंजिनसाठी कोणती सुई (आतली पेट्रोल मोजून सोडणारी) वगैरे सगळं त्याच नंबरवरून मिळतं. झाकण उघडल्यावर ती पट्टी सगळ्यात आधी हरवते. पिशवीत टाकून ठेवा, लगेच. सुईवर पण शँकला म्हणजे वरच्या जाड भागाला अक्षरं ठोकलेली असतात, भिंगाने पाहा.

स्पीडोमीटर बदलला आणि आता वेग चुकीचा दाखवतो, नंबर पाहून काही समजेल?

समजेल. स्मिथ्स कंपनीच्या मीटरच्या डायलवर खाली बारीक अक्षरात एसएन आणि पुढे नंबर असतो, तो मीटरचा, आणि त्याच्यासोबत एक वेगळा आकडा, समजा १२८०. तो म्हणजे एक मैल चालल्यावर केबलने किती फेरे मारायला पाहिजेत. किलोमीटरचं मीटर असेल तर फेरे किलोमीटरला, १२८० ला १.६०९ ने भागा, साधारण ७९६. तुमच्या गाडीच्या मूळ मीटरवरचा आकडा आणि नवीन मीटरवरचा आकडा जुळत नसेल तर वेग चुकणारच, मीटर बिघडलेलं नाही, रिपेअरला देऊन पैसे घालवू नका.

डुक्कर फियाट आणि पद्मिनीच्या नंबरात वर्ष कुठे असतं?

पार्ट नंबरात वर्ष शोधू नका, ते नुसते आकडे आहेत आणि कॅटलॉगशी जुळवायला आहेत. इथे नाव जास्त कामाचं. कुर्ल्याच्या प्रीमियरमधे आधी फियाट ११०० डी, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी, म्हणून पद्मिनी नाव असलेला डबा किंवा बॅज १९७४ च्या आधीचा नाही. इंजिन तेच १०८९ सीसीचं घराणं चालत राहिलं, त्यामुळे पार्ट एकमेकांना बरेच लागतात आणि त्याचमुळे नेमकं वर्ष सांगणं अवघड जातं. डुक्कर फियाटसाठी पत्र्याचे पार्ट घेताना नंबरापेक्षा जुना पार्ट सोबत घेऊन जा, बाजूला ठेवून पाहा.

कामठीकडच्या जुन्या जीपच्या बोल्टवर एफ लिहिलंय, ते काय?

फोर्ड. दुसऱ्या महायुद्धात विलीजच्या डिझाइनची जीप फोर्डने पण बनवली, तिचं नाव जीपीडब्ल्यू, आणि फोर्डने बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत जागोजागी आपलं एफ मारलं. जी म्हणजे गव्हर्नमेंट, पी म्हणजे ८० इंच व्हीलबेस, डब्ल्यू म्हणजे विलीज. विलीजच्या स्वतःच्या जीपचे, म्हणजे एमबीचे, आणि याचे पार्ट एकमेकांना बसतात म्हणून लष्करी वर्कशॉपमधे सगळं मिसळून गेलंय, एका जीपवर चार एफचे बोल्ट दिसले म्हणजे जीप फोर्डची असं नाही. जास्त महत्त्वाचं हे की फोर्डमधे तयार होताना इंजिनचा नंबर आणि फ्रेमचा नंबर एकच असायचा, विलीजमधे तसं नव्हतं, म्हणून एमबीवर दोन वेगळे नंबर दिसले तर तो दोष नाही. डॅशवरची प्लेट शाबूत असेल तर तिच्यावर डिलिव्हरीची तारीख मिळते. आणि महिंद्राने इथे बनवलेली सीजे३बी वेगळी, उंच बोनेट, तिच्यावर महायुद्धाचे नंबर शोधू नका.

अमेरिकन गाडीचे कोड वेगळे असतात का?

हो, आणि मला ते जास्त शिस्तीचे वाटतात. साठच्या दशकातल्या फोर्डवर सी५झेडझेड असं सुरू होणारा नंबर असेल तर सी म्हणजे १९६० चं दशक, ५ म्हणजे १९६५, तिसरं अक्षर गाडीचं, झेड म्हणजे मस्टँग. बी पन्नासचं दशक, डी सत्तरचं. मधला आकडा पार्टचा प्रकार, ९५१० कार्बोरेटर, १२१२७ डिस्ट्रिब्यूटर, गाडी कोणतीही असो. लक्षात ठेवा, हे वर्ष त्या पार्टचं डिझाइन कोणत्या वर्षासाठी आलं त्याचं आहे, तो नग पुढे कितीतरी वर्षं बनत राहू शकतो. नग कधी बनला ते डेट कोड सांगतो, ६बी१२ म्हणजे ६६ चा फेब्रुवारी, १२ तारीख. फोर्ड महिन्यांच्या अक्षरात आय गाळतं कारण तो १ या आकड्यासारखा दिसतो, म्हणून सप्टेंबर म्हणजे जे आणि डिसेंबर म्हणजे एम.

जनरल मोटर्सच्या ब्लॉकवर उलटं, आधी महिना, मग तारीख, मग वर्षाचा शेवटचा आकडा. सी १४ ७ म्हणजे १४ मार्च आणि वर्ष ५७ किंवा ६७, कारण आकडा एकच. दशक कास्टिंग नंबरवरून ठरवायचं. इथे ब्लॉकच्या तारखेत आय गाळत नाहीत, तो सप्टेंबर असतो. मुंबईत जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ ते १९५४ होता, आपल्याकडच्या जुन्या घराण्यांतल्या शेवरलेट बऱ्याचशा त्यातल्याच, त्यामुळे ब्लॉक अमेरिकन तारखेचा आणि बॉडीवरची प्लेट इथली असं निघतं.

बीटलचं काय?

सोपं. फोक्सवॅगनच्या पार्ट नंबरात नऊ आकडे, तीन-तीनचे गट. पहिले तीन गाडी, १११ किंवा ११३ बीटल, २११ बस. मधल्या गटाचा पहिला आकडा भाग सांगतो, १ इंजिन, ३ गिअरबॉक्स, ६ चाकं आणि ब्रेक, ८ बॉडी, ९ इलेक्ट्रिकल. शेवटचं अक्षर सुधारणेचं.

बेअरिंग गाडीच्या नावाने मागितलं तर दुकानदार चौपट किंमत सांगतो. नंबरावर मिळतं का?

मिळतं आणि तसंच मागायचं. बेअरिंगचा नंबर कंपनीचा नाही, सगळ्या दुनियेचा आहे. शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतलं भोक मिलिमीटरमधे, ६२०५ चं २५, ६२०४ चं २०. फक्त ०० ते ०३ चा हिशेब वेगळा, १०, १२, १५, १७. आधीचा ६२ किंवा ६३ म्हणजे जाडी-रुंदीची सिरीज, ६२०५ बाहेरून ५२ आणि ६३०५ बाहेरून ६२ मिलिमीटर, आतलं भोक दोन्हीचं सारखं. झेडझेड म्हणजे दोन्हीकडून पत्रा, २आरएस म्हणजे रबर सील, सी३ म्हणजे आत थोडी जास्त ढील. सी३ च्या जागी साधं लावलं तर आपल्या मे महिन्याच्या ४५ डिग्रीत गरम होऊन आवाज करायला लागू शकतं. डायनॅमोचं बेअरिंग मी असंच नंबरावर घेतो, गाडीचं नाव काढतच नाही.

प्लगवरचा मोठा आकडा चांगला का?

चांगला-वाईट नाही, गरम-थंड असतं (थंड प्लग उष्णता लवकर बाहेर टाकतो, गरम हळू), आणि कंपन्यांचे आकडे उलटे चालतात म्हणून लोक फसतात. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, बीपी६ईएस पेक्षा बीपी७ईएस थंड. चँपियनचा वाढला की गरम, एन९वाय पेक्षा एन१२वाय गरम. बॉशच्या जुन्या पद्धतीत डब्ल्यू१७५ पेक्षा डब्ल्यू२२५ थंड होता आणि नवीन पद्धतीत लहान आकडा थंड, म्हणजे एकाच कंपनीने दिशा बदलली. जुना डबा मिळाला तर आधी पद्धत कोणती ते ओळखा. आणि चूडी किती लांब ते नंबरातच असतं, एनजीकेचा ई आणि चँपियनचा एन म्हणजे १९ मिलिमीटर, छोट्या चूडीच्या हेडमधे तो घातला तर पिस्टनला लागू शकतो.

बोल्टवरच्या रेषांचा अर्थ?

इंची बोल्टवर तीन रेषा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८. मेट्रिकवर ८.८, १०.९ असे आकडे. अँबेसेडर इंची आहे, फियाट मेट्रिक, एकाचा बोल्ट दुसऱ्यात दोन आटे जातो आणि मग चूडी खातो, जोर लावू नका.

इंजिन नंबर पुसट झालाय, परत ठोकून घेऊ का?

नाही. अजिबात नाही. इंजिन आणि चेसिसचा नंबर ही कायद्याची गोष्ट आहे, स्वतः ठोकलेला नंबर आरटीओच्या तपासणीत खोडसाळपणाच दिसतो मग तुमचा हेतू कितीही स्वच्छ असो. खडू आणि तिरपा उजेड वापरून वाचा, फोटो ठेवा आणि आरटीओत लेखी विचारा. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीत करून घ्या.

२०२१ च्या नियमाने ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नवीन नोंदणीला २०,००० रुपये आणि पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये फी आहे, मुदत १० वर्षांची. अट ही की चेसिस, बॉडी किंवा इंजिनमधे मोठा बदल केलेला नसावा. इथे तुमचे कास्टिंग नंबर आणि तारखा कामाला येतात, गाडी मूळ आहे हे तोंडाने सांगण्यापेक्षा ब्लॉकवरची तारीख दाखवलेली बरी.

खोटा डेट कोड कसा ओळखायचा?

कारखान्यात ठोकलेल्या आकड्यांच्या कडा कालांतराने गोल होतात, आत तोच गंज आणि तोच मळ असतो जो बाजूला आहे. नवीन ठोकलेल्याच्या कडा धारदार, आतलं लोखंड उजळ आणि आजूबाजूला घासल्याच्या समांतर रेषा. नखाने तपासा. दुसरं, तारखा आपसात जुळतात का ते पाहा, डायनॅमो १९६७, डिस्ट्रिब्यूटर १९६७, काच १९६८ असं थोडं पुढे-मागे असणं स्वाभाविक आहे, सगळ्यावर एकाच आठवड्याचा शिक्का असेल तर मला शंका येते. काचेचं सांगायचं तर ट्रिप्लेक्स या काच कंपनीच्या नावाच्या अक्षरांजवळ बारीक ठिपके असतात, ते वर्ष आणि तिमाही सांगतात, दर दशकात तेच परत येतात, पण काच बनावट करायला कोणी जात नाही म्हणून तिची साक्ष भरवशाची.

टायर नवीन दिसतो, तारीख पाहायची का?

पाहायचीच. टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्यात शेवटी चार आकडे, आठवडा आणि वर्ष, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० च्या आधीचा, नक्षी कितीही चांगली असो, शोसाठी उभ्या गाडीला ठेवा, वर्धा रोडवर नेऊ नका.

बाहेरगावाहून पार्ट मागवतोय, पैसे पाठवायच्या आधी काय मागू?

नंबरचा जवळून फोटो, पूर्ण पार्टचा फोटो आणि दोन्ही एकाच फ्रेममधे दिसतील असा तिसरा, त्यात बाजूला चिठ्ठीवर आजची तारीख आणि तुमचं नाव. मला एकदा नंबरचा फोटो एका डिस्ट्रिब्यूटरचा आला आणि पार्सलमधून दुसराच निघाला, ४५डी४ चा पैसा आणि हातात जुना २५डी४, परत घ्यायला तयार नाही. तेव्हापासून तिसऱ्या फोटोशिवाय मी व्यवहार करत नाही. पार्सल उघडताना व्हिडिओ करा, आणि नंबर वाचून झाल्यावरच तेल लावा, नाहीतर खडू बसत नाही.